पाहुणा अजून जेवला नाही

१

बुधवारी आम्ही दोघं चालायला जायचो. शनिवार-रविवारी इथल्या रानात जत्रेसारखी माणसं असतात, म्हणून बुधवार. सकाळी उठून मी भाकऱ्या थापायचो. सून, क्षिप्रा, म्हणायची, "बाबा, मी सँडविच करून देते की. कशाला पीठ उडवताय सगळीकडं?" पण दिवसभर चालायचं तर पोटात भाकरीच पाहिजे, पावाचा दम दुपारपर्यंत पुरत नाही. पीठ इथल्या देशी बाजारात, लिटिल इंडियात, मिळतं. ठेचा, कांदा, शेंगदाण्याची चटणी, सगळं डब्यात भरायचं, आंग मो किओला आमच्या ब्लॉकखाली बस धरायची आणि थॉमसनच्या रानाच्या तोंडाशी उतरायचं. तिथं निशिकांत उभा असायचाच. गळ्यात रुमाल, हातात छत्री, आणि चालायला सुरुवात व्हायच्या आधीच घामानं निथळलेला.

निशिकांत पुण्याचा, बँकेत मोठा साहेब होता. बायको गेल्यावर मुलीकडं, भार्गवीकडं, मरीन परेडला येऊन राहिला. मी माणदेशचा, मेंढरांमागं हिंडण्यात जन्म गेलेला, म्हातारपणी मुलानं इथं परदेशात आणलेला. एरवी आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. कुणाच्या तरी घरी हळदीकुंकू होतं, बायका आत बसल्या आणि आम्हा दोघांना बाहेर लिफ्टजवळ बसवलं. बसून बसून तो म्हणाला, "काय हो, चालता का?" म्हटलं, "चालतो की. दुसरं येतंय काय मला?" तिथून जमलं. मी त्याला साहेब म्हणायचो, जरा डिवचायला. तो मला गोविंदा म्हणायचा.

आमच्या माळावर झाड दिसलं तर माणूस वाट वाकडी करून त्याच्या सावलीला जातो. इथं उन्हाचा कवडसा शोधत जावं लागतं. सुरुवातीला मला गुदमरायचं. माळावर उद्या जिथं पोचायचं ते ठिकाण आज दिसत असतं. इथं चार पावलांपुढं हिरवी भिंत. पण पाय सरावले. ओल्या पाल्याचा वास, किड्यांची करवत, तळ्याच्या कडेनं फळ्या टाकून केलेली वाट, तिच्याखाली काळं पाणी. फ्लॅटमध्ये बसलं की माझ्या पायात काहीतरी वळवळतं, ते फक्त चालल्यावर थांबतं. चाललो की मी शहाणा माणूस असतो.

निशिकांतला एक खोड होती. डबा उघडून बसलो आणि कुणी समोरून गेलं, की हा मोठ्यांदा म्हणायचा, "या जेवायला!"

मराठीत. इथं. पळणारी चिनी पोरं कानातलं बोंड काढून बघायची, हसायची, हात हलवून पुढं जायची. एकदा एक गोरी बाई खरंच थांबली, काय म्हणालात विचारलं. यानं तिला ठेच्याचं बोट चाटवलं. बाई रडत रडत थँक्यू म्हणत गेली.

"साहेब," मी म्हणायचो, "त्यांना 'होऊ द्या' म्हणायचं माहीत नसतं. उगा कशाला बोलावता?"

"समोरनं माणूस जातोय आणि आपण तोंड हलवत बसायचं? आमच्या आईनं थोबाड रंगवलं असतं. आणि पुढं जातात ना ते? मग तेच त्यांचं 'होऊ द्या'."

"आणि बसला एखादा तर?"

"तर जेवेल. तुझी एक भाकरी कमी होईल. कंजूष."

२

त्या रानात पूर्वी एक गाव होतं म्हणतात. आता घरं नाहीत, पायऱ्या आहेत. झाडीत मधेच पायऱ्या वर जातात आणि वर काहीच नसतं, नुसती झाडं. तिथून जवळ एक छप्पर आहे, खाली दोन बाकं. माकडांची नजर नसली तर आम्ही तिथं जेवायचो.

आदल्या संध्याकाळी धो धो पडून गेला होता. वाटेवर राड. माझे बूट चिखलानं जड झाले होते, निशिकांतची विजार पोटरीपर्यंत भरलेली. भर दुपार, पण झाडांखाली सगळं हिरवट. मी वाकून बाकाच्या कडेवर बुक्कीनं कांदा फोडत होतो. भुकेला दम निघत नव्हता म्हणून एक घास आधीच तोंडात कोंबला होता. निशिकांत आपला नीट रुमाल अंथरून, डब्याची झाकणं मांडून, हात पुसत होता. त्याचं सगळं साग्रसंगीत.

मी वाकलेला, म्हणून मला आधी पायच दिसले. पायऱ्यांच्या बाजूनं आले. अनवाणी. आणि त्यांच्यावर फुफाटा होता.

फुफाटा म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगता यायचं नाही. वैशाखात गाडीवाटेवर घोट्याएवढी मऊ धूळ साठते, राखेसारखी, तिच्यातून चाललं की पाय पांढरे होतात, टाचेच्या भेगा भरून जातात. तसे ते पाय होते. त्या चिखलात. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते भीतीचं नव्हतं. मला गावाकडची आठवण झाली, बरं वाटलं.

"या जेवायला!" निशिकांत म्हणाला.

पाय थांबले. मग वळले, छपराखाली आले, आणि निशिकांतच्या बाकावर कुणीतरी टेकलं.

मी मान वर केली तेव्हा कांद्यानं डोळ्यांना धार लागली होती. राखाडी सदरा दिसला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. मांडीवर ठेवलेले हात. तोंड म्हणाल तर मला सांगता येत नाही. डोळे पुसून बघायला हवं होतं. कांद्याचाच हात डोळ्याला लागला आणि आणखी झोंबलं.

निशिकांत जरा दचकला, मग खूश झाला. "वा! अखेर एक तरी माणूस भेटला. प्लीज, प्लीज," म्हणत त्यानं झाकणावर अर्धी भाकरी, त्यावर चटणी, बाजूला कांदा असं वाढून समोर सरकवलं. "घ्या ना."

त्यानं घेतलं नाही.

"संकोच नको. घ्या."

बसून राहिला. निशिकांतचा हात त्याच्या स्वतःच्या घासावर होता, तो त्यानं मागं घेतला. पाहुण्यानं सुरुवात केल्याशिवाय यजमानानं कसं खायचं? तोही मांडीवर हात ठेवून बसला. मी मात्र चावत होतो. माझ्या चावण्याचा आवाज मला फार मोठा ऐकू येत होता.

मग पाऊस आला. इथला पाऊस सांगून येत नाही. वाऱ्यानं तिरपा आत घुसला, मी डबा पोटाशी धरून भिंतीसारखा उभा राहिलो. जरा ओसरल्यावर वळून बघतो तर निशिकांत एकटाच. चिंब. बाकंही दोन्ही चिंब. फक्त त्याच्या शेजारी एका माणसाच्या बुडाएवढी जागा कोरडी ठणठणीत होती.

असं होतं. वारा फिरतो, छपराचं पाणी कसंही पडतं. मी मनाशी म्हटलं, गोविंदा, वाऱ्यानं झालंय. निशिकांतनं आपला डबा तसाच भरलेला बंद केला.

३

परत येताना आम्ही नेहमी हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मांडवात, बसायचो. त्याला थोसाई, म्हणजे इथला डोसा, लागायची, मला कॉफी. त्या दिवशीही त्यानं थोसाई आणली, टेबलावर ठेवली. मग खिशातून टिश्यूचं पाकीट काढलं आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवलं.

इथं ही रीत आहे. खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवलं म्हणजे जागा धरली. कुणी बसत नाही.

"कुणासाठी हो?" मी विचारलं.

"असू दे एक जागा."

"कोण यायचंय का? भार्गवी?"

"असू दे रे," तो म्हणाला, आणि थोसाईकडं बघत राहिला. खोबऱ्याच्या चटणीवर साय धरली.

"खा की, साहेब. भूक मेली काय?"

"मेली कुठली? कडकडून लागलीय." आणि हसला. मलाही हसू आलं. पुणेरी माणूस, काय सांगावं, वाटलं चेष्टा करतोय. एक म्हातारी बाई ट्रे गोळा करत आली, तिनं ती भरलेली थाळी बघितली, त्याच्याकडं बघितलं, "अंकल, नो ईट?" म्हणाली. तो म्हणाला, "लेटर, लेटर." ती खुर्चीला वळसा घालून गेली. रिकाम्या खुर्चीला कुणी वळसा घालत नाही, मधून हात घालून ट्रे ओढतात. पण बाई म्हातारी होती. म्हाताऱ्या माणसाच्या चालण्याला काय कारण लागतं?

४

पुढच्या बुधवारी तो आधीच येऊन उभा होता. विजारीचा पट्टा आत ओढलेला, टोक लोंबत होतं. आणि घाम नव्हता. गळ्यातला रुमाल इस्त्रीच्या घडीसकट तसाच.

"बारीक झालात."

"चालण्याचा गुण," म्हणाला.

त्या दिवशी तळ्याकडची वाट धरली. एरवी आम्ही शेजारी चालायचो, तो बोलायचा, मी हुं करायचो. त्या दिवशी तो वाटेच्या एकदम कडेनं चालत होता, झुडपं अंगाला घासत होती, तरी आत सरकेना. मधली वाट मोकळी सोडलेली. मी त्या मोकळ्या जागेत पाऊल टाकलं तर त्यानं माझ्या दंडाला धरून मला मागं घेतलं. हळूच. लग्नात आपण एखाद्या पोराला थोरामोठ्यांच्या वाटेतून बाजूला करतो ना, तसं.

मग फळ्यांची वाट लागली. तिथं पावलांचा आवाज येतो, ढब ढब. निशिकांत पुढं, मी मागं. मी चालता चालता आवाज ऐकत होतो. त्याचे बूट. माझे बूट. आणि मधे एक हलकं, सर्रर्र. कोरड्या पायाला फळी घासली की होतं तसं. मी थांबलो. निशिकांत थांबला. सर्रर्र दोन पावलं पुढं जाऊन मग थांबलं.

पाण्यावरनं आवाज परत येतो. माळावरही मेंढरांच्या घंटा भलत्या बाजूनं ऐकू यायच्या. मी स्वतःला हे सांगितलं आणि पुढं चालत राहिलो, पण पावलं जुळवून टाकायला लागलो, मधलं ऐकू येऊ नये म्हणून.

जेवायला बसलो. त्यानं झाकणावर वाढलं, ते शेजारी ठेवलं, हात मांडीवर.

"घ्या साहेब."

"थांब."

"कशाला थांबायचं?"

"त्यांनी हात लावू दे."

"कुणी?" माझा आवाज चढला. "कोण बसलंय तिथं? मला तर कुणी दिसत नाही! कुठला पाहुणा न् कुठलं काय!"

निशिकांत लाजला. खरंच सांगतो, भ्यायला नाही, चिडला नाही, लाजला. चारचौघांत आपल्या माणसानं भलतंच बोलावं आणि आपल्याला कुठं तोंड लपवू असं व्हावं, तसा. शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघून कसनुसं हसला. मग माझ्याकडं झुकून म्हणाला, "गोविंदा, हळू बोल. त्यांना काय वाटेल?"

५

भार्गवीचा फोन आला तेव्हा मी क्षिप्राला मेथी निवडून देत होतो.

"काका, बाबा तुमच्याबरोबर असताना तरी खातात का हो?"

काय सांगायचं? म्हटलं, "नाही गं."

ती म्हणाली, "पाणी पितात. चहा नाही, दूध नाही. सगळ्या टेस्ट झाल्या. डॉक्टर म्हणतात शरीरात काही नाही. ताट समोर ठेवलं की डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या, काका. भूक लागलीये त्यांना. हात लावत नाहीत. उद्याच अ‍ॅडमिट करा म्हणतायत, नळी घालतील. या वयात ते नाही झेपणार त्यांना, मला कळतंय ना. तुमचं ऐकतात ते. एक घास. एक घास तरी घाला त्यांच्या पोटात."

फोन ठेवल्यावर क्षिप्रा म्हणाली, "या वयात डिप्रेशन असतं, बाबा. भार्गवीची आई गेल्यापासून मनात असणार त्यांच्या. तुम्ही नका मनाला लावून घेऊ. आणि तुम्ही दोघं आता ते जंगल बंद करा बघू." तिचंही बरोबर होतं. नात, आर्या, मोबाइलमधनं मान वर न काढता, इथल्या पोरांसारखं 'ला' जोडून म्हणाली, "आजोबा, मॉलमध्ये वॉक करा ला. एअरकॉन पण असतो."

मी बूट घातले. कुणी अडवायच्या आत बस धरली.

छपराखाली मी एकटा उभा राहिलो. वर किड्यांची करवत चाललेली. हात जोडले. आधी लाज वाटली, मग बोललो. "माझा मित्र साधा माणूस आहे. आमच्यात म्हणायची रीत असते. या म्हणायचं, तुम्ही होऊ द्या म्हणायचं, आणि पुढं जायचं. खरंखरं येऊन बसायचं नसतं. त्यात त्याची काही चूक नाही. तुम्ही लांबचे दिसता, तुम्हाला ठाऊक नसेल. आता तुम्ही जा. तो भुकेनं मरायला लागलाय."

रिकाम्या बाकाला मी आमच्या रीती समजावून सांगत होतो. एक बाई पळत पळत गेली, माझ्याकडं बघून तिनं वेग वाढवला.

मग माझं बाकाकडं लक्ष गेलं. सकाळच्या पावसाचं पाणी त्यावर साचलं होतं. सगळ्या बाकावर. त्या दिवशी कोरड्या राहिलेल्या जागेवरही. मी हात फिरवून बघितला, ओलंचिंब होतं.

म्हणजे इथं कुणी बसत नव्हतं आता. मी उगाच इथं बोलत होतो. तो निशिकांतबरोबर घरी गेला होता.

६

मरीन परेडला भार्गवीचा फ्लॅट उंचावर आहे. खिडकीतून समुद्र दिसतो, त्यावर जहाजं उभी असतात, दूरवर, माळावर मेंढरं बसल्यासारखी. मला ती खिडकी फार आवडायची. त्या दिवशी रानातनं तसाच तिथं गेलो, तिकडं बघितलंही नाही.

भार्गवीनं दार उघडलं. डोळे सुजलेले. म्हणाली, "मी खाली फार्मसीत जाऊन येते काका. मी समोर असले की त्यांना अवघडल्यासारखं होतं." मला कळलं, तिला जरा कुठंतरी जाऊन रडायचं होतं.

निशिकांत जेवणाच्या टेबलाशी बसला होता. हाडांवर सदरा टांगलेला. पण दाढी केलेली, केस विंचरलेले, कारण घरी पाहुणे. समोर दोन ताटं. वरण-भात, तूप, लिंबाची फोड, बटाट्याची भाजी. एक त्याच्यासमोर. दुसरं शेजारच्या खुर्चीसमोर. ती खुर्ची माणूस बसेल इतकी मागं ओढलेली.

"ये गोविंदा. बस." समोरची तिसरी खुर्ची दाखवली.

"साहेब, जेवा."

"त्यांची सुरुवात होऊ दे."

"ते नाही जेवणार. इतके दिवस जेवले नाहीत, आज जेवतील होय?"

तो अगदी बारीक आवाजात, ओठ न हलवता बोलला. शेजारच्याला ऐकू जाऊ नये असा. "आतनं सगळं ओरडतंय रे. वरणाचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. काल स्वप्नात मी भिंतीचा चुना खात होतो. पण कसं खाऊ, तू सांग."

"जा म्हणा त्यांना."

"मी बोलावलंय. ताटावर बसलेल्याला ऊठ म्हणू?"

त्याचा हात टेबलावर होता. बोटं घासाच्या आकारात वळलेली, मोकळी. उद्या याच हाताला सुया लावणार होते. त्याची समजूत काढणारा मी कोण? बोलण्यात मी त्याला कधीच हरवलं नव्हतं. आणि दिवस उरले नव्हते.

मी उठलो. टेबलाला वळसा घातला. मनाशी म्हणत होतो, लाकडाची खुर्ची आहे, गोविंदा, दुकानातून आणलेली, हिच्यात भिण्यासारखं काय? निशिकांतनं माझ्याकडं बघितलं, "अरे, अरे," म्हणाला. मी त्या खुर्चीत बसलो.

वैशाखातल्या दुपारी माळावरच्या खडकावर टेकलं की कसं होतं, तसं झालं. ती धग खालून वर चढली. एसी चालू होता. माझ्या तोंडातलं पाणी एकदम आटलं, जीभ टाळूला चिकटली. दोन्ही कानांत वाऱ्याचा तो आवाज भरला, ज्याला अडवायला कुठंच काही नसतं.

मी ताटाकडं हात नेला. भातावर आधीच बोटं होती.

माझ्या हाताच्या खाली. राखेच्या रंगाची, भेगाळलेली, घास कालवायला टेकवलेली आणि तिथंच थांबलेली. मी एवढंच बघितलं. माझा हात खाली आला आणि त्या बोटांच्या जागी गरम भात लागला. डोळे मिटून घास उचलला, तोंडात घातला. चव कसलीच नव्हती. चावला. गिळला.

७

निशिकांतनं एक लांब श्वास सोडला. "वा," म्हणाला. आणि जेवायला लागला.

आधी बोटाएवढा घास, मग मोठा, मग दोन्ही गालांत भरून. तूप हनुवटीवरनं ओघळलं. मी बघत होतो आणि मला हसू येत होतं, रडू येत होतं. भार्गवी आत्ता यायला हवी होती. म्हटलं, आता हळू, साहेब, पोट दुखेल. तोंडातनं शब्द निघाला नाही. जीभ अजून कोरडी होती, भात पिठासारखा होऊन टाळूला बसला होता.

त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. ताट पुसून खाल्लं. मग त्यानं रुमालानं नीट तोंड टिपलं, माझ्याकडं वळला आणि हसला. फार चांगलं हसला. पण असा तो माझ्याकडं बघून कधी हसत नसे.

"आपण फार उपकार केलेत," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, आमचं काही चुकलं म्हणून आपण हात लावत नाही. अजून थोडा भात वाढू आपल्याला?"

आपण. बरोबर चालायला लागल्यापासून मला तो कधी तुम्हीसुद्धा म्हणाला नव्हता.

मी छातीवर हात ठेवला. मान हलवली. मी, मी. बोट माझ्या तोंडाकडं नेलं. त्यानं आदरानं बघितलं, समजल्यासारखी मान डोलावली आणि माझ्या ताटात भात वाढला.

"आमचा एक मित्र आहे, गोविंद म्हणून. आत्ता येईलच, नेहमी येतो. जरा रांगडा आहे, त्या दिवशी आपल्यासमोर फार बोलला, त्याबद्दल माफ करा. पण मन सोन्याचं आहे. आपली ओळख करून देतो."

दाराची बेल वाजली.

भार्गवी असेल, मी मनात म्हटलं. पण भार्गवीजवळ किल्ली असते. खाली काही विसरली असेल, हात भरलेले असतील. असं होतं. निशिकांत खुर्चीला धरून उठला, हसत हसत दाराकडं गेला. मला मागं वळता येईना. कडी काढल्याचा आवाज आला.

"ये रे, ये! किती उशीर!"

आणि दारातून माझा आवाज आला. माझाच, माणदेशी, जरा खरखरीत. "बस चुकली हो साहेब. जेवलात का?"

"जेवलो! पोटभर! चल, हात धू आधी. पाहुणे जेवतायत, त्यांना भेटवतो तुला."

बूट काढल्याचा आवाज झाला. मग फरशीवरनं सर्रर्र पावलं आत आली, माझ्या पाठीमागनं गेली. बेसिनचा नळ सुटला. निशिकांत परत येऊन आपल्या जागेवर बसला. त्यानं स्वतःच्या ताटात दुसऱ्यांदा भात घेतला, वरण ओतलं, कालवलं, आणि मग थांबला. हात मांडीवर ठेवले. माझ्या ताटाकडं बघत, वाट बघत.

नळ वाहत होता. पळायला माझे पाय वळवळत होते. पण मी उठलो असतो तर त्यानं त्या भाताला पुन्हा हात लावला नसता.

मी घास कालवला आणि तोंडात घातला.